विमान रद्द झाले तर कंपनीकडे भरपाई मागावी की सोडून द्यावे?

डिचोलीकर:
गेल्या चवथीच्या दोन दिवस आधी बंगळूरहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणारे माझे विमान रद्द झाले. सुटण्याच्या पाच तास आधी फोनवर दोन ओळींचा संदेश आला; त्यात कारण म्हणून ‘ऑपरेशनल’ एवढा एकच शब्द होता आणि पैसे परत घ्या किंवा दुसऱ्या दिवशीचे विमान घ्या, असे दोन पर्याय होते. घरी गणपतीवरची माटोळी, म्हणजे फळा-पानांचे छत, बांधायला आई-वडील दोघेच होते, म्हणून मी रात्रीची बस पकडली आणि सकाळी फोंड्यामार्गे घरी पोहोचलो. तिकिटाचे पैसे आठवड्याने परत आले आणि कंपनीच्या लेखी विषय संपला.

माझ्या लेखी तो संपला नव्हता. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार, रद्द झाल्याची सूचना किमान 24 तास आधी दिली नसेल आणि कारण कंपनीच्या आवाक्यातले असेल, तर परतफेडीशिवाय वेगळी भरपाई द्यावी लागते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला 10,000. मात्र एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन आकार ही रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच. माझ्या बाबतीत ती 4,350 रुपये होती. पहिल्या पत्राला कंपनीने ‘खराब हवामान’ असे उत्तर दिले, जे त्यांच्याच संदेशाशी जुळत नव्हते. दुसऱ्या पत्रानंतर सहा महिन्यांच्या मुदतीचे व्हाउचर देऊ केले. ते मी नाकारले, कारण प्रवाशाच्या लेखी संमतीशिवाय व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. अखेर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली आणि सातव्या आठवड्यात पैसे खात्यात जमा झाले.

त्या विमानात दीड-पावणेदोनशे आसने होती. बाकीच्यांपैकी कितीजणांनी मागितले असतील? माझे मत असे की रक्कम कितीही लहान असली तरी प्रत्येकाने मागावी. न मागणाऱ्यांच्या भरवशावरच उड्डाण ऐनवेळी रद्द करणे कंपनीला स्वस्त पडते.

मुरगावकर:
तुमचा हक्क मी नाकारत नाही, पण सर्वांनी मागण्याचा धोशा लावावा हे मला पटत नाही. गोव्यातल्याच दाबोळी विमानतळावर मी चौदा वर्षे ग्राउंड स्टाफमध्ये होतो. एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते. दिल्लीच्या धुक्यात सकाळी अडकलेले विमान संध्याकाळी गोव्यात उशिरा येते आणि इथे स्वच्छ ऊन पाहणारा प्रवासी म्हणतो की हवामानाचे कारण खोटे आहे. त्यात दाबोळी हा नौदलाचा तळ. सकाळचे काही तास सरावासाठी राखीव असल्यामुळे वेळ चुकलेल्या विमानाला लगेच दुसरी वेळ मिळेलच असे नसे.

जुलैतली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. पावसात धावपट्टी दिसेना, म्हणून वैमानिकाने दोनदा प्रयत्न करून विमान मुंबईला वळवले. इथून त्याच विमानाने जाणारे एक गृहस्थ काउंटरवर हात आपटून ‘माझे नुकसान कोण भरणार?’ असे विचारत राहिले. माझ्यासमोरच्या मुलीला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि तिचे हात थरथरत होते. भरपाईचा आकडा जसा वाढेल, तसे ‘कसेही करून विमान सोडा’ हे दडपणही वाढेल. आणि तो पैसा शेवटी तिकिटातूनच वसूल होणार. सात आठवड्यांची पत्रापत्री करून 4,350 रुपये मिळवणे तुम्हाला जमले, पण रोजंदारीच्या माणसाला ते परवडणारे नाही.

मडगावची वकील:
मुरगावकर भाऊ, तुमचा अनुभव मोलाचा आहे, परंतु तुम्ही ज्या उदाहरणाची भीती घालता त्यात भरपाई मुळी द्यावीच लागत नाही. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, दंगल, पूर, संप ही कारणे नियमातच वगळलेली आहेत. शिवाय नुसत्या उशिरासाठी आपल्या देशांतर्गत नियमात रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर होणार असेल तर खाणेपिणे, सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतफेड, आणि 24 तासांपलीकडे उशीर असल्यास, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन यांदरम्यान सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर असल्यास, हॉटेल. वैमानिकावर दडपण आणील असे यात काय आहे?

हवामानामुळे भरपाई टळते, पण जबाबदारी टळत नाही, हेही लक्षात ठेवावे. धुक्यामुळे विमानातच अकरा तास बसून राहिलेल्या प्रवाशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये उशिराचा दोष कंपनीवर ठेवला नाही, मात्र तिकीट स्वस्त असले तरी अडकलेल्या प्रवाशाची किमान सोय केलीच पाहिजे, असे स्पष्ट केले. 2021 मध्ये जम्मूला चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे श्रीनगरचे विमान चुकलेल्या प्रवाशाला रेल्वेने भरपाई द्यावी, हा आदेश याच न्यायालयाने कायम केला. उशिराचे कारण दाखवणे आणि सिद्ध करणे हे रेल्वेचे काम आहे, हा त्यातला मुद्दा इथेही उपयोगी पडतो.

रोजंदारीच्या माणसाविषयी म्हणाल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. फक्त पहिला संदेश पुसू नका. डिचोलीकरांची बाजू टिकली ती त्या ‘ऑपरेशनल’ शब्दामुळे.

पेडण्याचा होमस्टेवाला:
ताई, कागदावर सारे ठीक आहे, परंतु मागितल्याशिवाय न मिळणारा हक्क कितीजणांपर्यंत पोहोचतो? मी विरोध करतो तो याच पद्धतीला. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांची पूर्वतयारी न झाल्यामुळे देशभर उड्डाणे धडाधड रद्द झाली. ते नियम 2024 च्या जानेवारीतच जाहीर झालेले होते, म्हणजे ही काही आभाळातून पडलेली आपत्ती नव्हती. माझ्या चार खोल्यांपैकी तीन त्या आठवड्यात रिकाम्या राहिल्या. आगाऊ रक्कम मी पाहुण्यांना परत केली, कारण चूक त्यांची नव्हती. एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा, तिकीट ज्या खात्यातून काढले त्यात भरपाई आपोआप जमा व्हावी, अशी सक्ती हवी.

सासष्टीची लेक:
माझा भाऊ ब्रिटनमध्ये स्विंडनला असतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. ब्रिटनच्या नियमानुसार लंडनहून गोव्याला येणारे विमान कंपनीच्या दोषामुळे चार तासांहून अधिक उशिरा पोहोचले तर प्रत्येक प्रवाशाला 520 पाउंड मिळतात, मग कंपनी भारतीय असली तरी. तीच भारतीय कंपनी गोव्याहून लंडनला तितक्याच उशिरा पोहोचवते तेव्हा तो नियम लागूच होत नाही. विमान तेच आणि माणूसही तोच. एका दिशेला त्याच्या वेळेला किंमत आहे आणि दुसऱ्या दिशेला नाही, हे मला फार लागते. त्या धाकाने लंडनहून कोणी धोका पत्करून विमान उडवतो, असे मी तरी ऐकलेले नाही.

मुरगावकर:
हवामानाच्या सवलतीचा मुद्दा मी मान्य करतो. माझे उदाहरण तिथे लागू होत नव्हते. उशिरासाठी रोख रकमेला माझा विरोध मात्र कायम आहे. युरोपातल्या रकमा इथे आणल्या तर दोन-अडीच हजारांच्या तिकिटावर त्याच्या कैक पट देणे येईल, आणि पहिली बंद पडतील ती लहान शहरांची उड्डाणे.

डिचोलीकर:
मग निदान एवढे सांगा, भाऊ: त्या चौदा वर्षांत प्रवाशाने उशिराचे कारण लेखी मागितले, तर तुम्हाला ते देण्याची मुभा होती का?

मुरगावकर:
नव्हती. तोंडी सांगा, कागद देऊ नका, असे आम्हाला बजावलेले असे. ती मुलगी त्या संध्याकाळी खरे तेच सांगत होती, पण दाखवायला तिच्या हातात काहीच नव्हते. लेखी कारण देण्याची सक्ती मागणार असाल तर त्या अर्जावर माझीही सही घ्या.