सूर्यनमस्कार : नवव्या स्थितीत पाऊल मागेच राहतं, लय तुटते. मदत हवी आहे

मंडळी,
बारा स्थितींचे सूर्यनमस्कार घालतो. पहिल्या आठ बऱ्यापैकी जमतात, घोडं अडतं ते नवव्या स्थितीला. आठव्या स्थितीतल्या पर्वतासनातून (तळवे-पावलं जमिनीवर, कंबर उंच) एक पाय दोन हातांच्या मध्ये आणायचा, तर तो वीतभर मागेच टेकतो. मग घोटा धरून पुढे ओढायचा. तोवर श्वास सुटलेला असतो आणि दहावी स्थिती नुसती उरकली जाते. गंमत म्हणजे चौथ्या स्थितीत, एक पाय मागे नेताना, हाच गुडघा छातीला छान लागतो. डावा पाय जास्त हट्टी.

दुसरं, सहाव्या स्थितीतल्या अष्टांगासनातून (कपाळ, छाती, गुडघे टेकलेले) सातव्या भुजंगासनात (छाती वर उचललेली) जाताना कोपरं बाहेर फाकतात आणि खांदे कानाला भिडतात. सावकाश केलं तर आवरतं, वेग घेतला की पुन्हा तेच. आधी एकेक स्थिती घोटावी, की लयीत करता करता सुधारणा होते? दुखापत कसलीही नाही. ‘पोट कमी कर’ हा सल्ला घरून मिळालेला आहे, तो सोडून सांगा.

प्रतिसाद १
नवव्या स्थितीचं दुखणं आठव्या स्थितीत असतं. टाचा टेकवायच्याच या हट्टापायी सगळं वजन मागे जातं, आणि तिथूनच पाय उचलला तर तो पोचणार कसा? टाचा राहू द्यात वर. आधी खांदे मनगटांच्या वर आणा, कंबर उंच ठेवा, पाठ थोडी गोल करून गुडघा नाकाकडे ओढा. पाऊल सगळ्यात शेवटी टेकवायचं, जमिनीवरून फरफटत आणायचं नाही.

श्वासही बघा. नववी स्थिती श्वास घेत करायची असं शिकवतात, पण फुगलेल्या पोटावर मांडी दुमडत नाही. पाय पुढे आणताना श्वास सोडत गुडघा आत घ्या. पाऊल टेकल्यावर छाती उचलताना श्वास भरा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. पण तुमच्या दोन्ही तक्रारी मला एकच वाटतात. भुजंगासनात कोपरं फाकली की हात अडचणीत येतात आणि नकळत पुढे सरकतात. जेवढे सरकले, तेवढं पावलाचं अंतर वाढलं! सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पद्धतीत तर तळवे एकदा टेकले की उठेपर्यंत हलवायचे नाहीत. बोटांपुढे खडूने रेघ मारून बघा. कोपरं बरगड्यांना चिकटवून छाती दोन हातांमधून पुढे न्यायची, हात जागेवर.

घोटायचं म्हणाल तर अख्खा नमस्कार तोडू नका. सहावीतून सातवीत आणि आठवीतून नववीत जाणं एवढंच वेगळं घोटा, बाकीचं लयीत चालू द्या.

धागाकर्ता
रेघ मारून पाहिली. तळवे चार बोटं पुढे गेलेले, डावा जरा जास्तच. डाव्या पायाचा हट्ट त्यामुळेच असावा. आता हात रोखून धरले तर पाऊल बरंच पुढे येतं, पण टोकाला अजून अडतंच. तळव्यांखाली लाकडी ठोकळे घेतले तर चालतील का?

प्रतिसाद १
चालतील की. हात उंचावले की पायाला खालून वाट मिळते. ठोकळा सगळ्यात बुटक्या बाजूवर ठेवा आणि फक्त आठ-नऊचा सराव करताना घ्या. अष्टांगासनात तो छातीच्या आड येतो, म्हणून पूर्ण नमस्काराला नको.