शब्दचर्चा: थंडीतल्या पहाटेच्या अत्तराला काय म्हणावं?

माझी मावसबहीण घरी सुगंधी कुप्या तयार करते. नवी कुपी थंडीतल्या शांत पहाटेवर बेतलेली आहे. चिठ्ठीवर तिने लिहिलंय, ‘थंड सकाळची शांतता’. वाचताना खटकतं. काही सुचवाल?

*

ताई, खटकणारच. ‘शांतता’ म्हटलं की वर्गातली ‘शांतता राखा’ची पाटी आठवते. ‘सकाळ’ म्हणजे दूधवाला, नळाचं पाणी, मुलांचे डबे. तुमच्या बहिणीला हवी आहे ती पहाट. ‘थंड’सुद्धा जपून वापरावा, कारण प्रतिसादही थंड असतो. अंगाला हवासा वाटतो तो गारवा, नकोसा होतो तो गारठा. ‘शीतल’ मात्र टाळाच. अत्तरवाल्याकडे उन्हाळ्यात वाळा मागतात आणि थंडीत हिना किंवा शमामा ही ऊबदार अत्तरं. ‘शीतल’ वाचून गिऱ्हाईक वाळाच समजेल.

शांततेसाठी मला ‘निवात’ फार आवडतो. निवात म्हणजे वारा नसलेलं ठिकाण. गीतेतला न हलणारा दिवा अशाच जागी ठेवलेला आहे. थंडीत पहाटे हवा अगदी अशीच असते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने चुलीचा धूर वर न जाता शेतावर पसरून राहतो. गारव्यात वासही कमी उडतो, त्यामुळे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे ‘घमघमाट’ चालणार नाही, ‘दरवळ’ही जरा जास्तच होतो. ‘परिमळ’ बसेल. फादर स्टीफन्सनी 1616 च्या क्रिस्तपुराणात ‘परिमळांमाजि कस्तुरी’ म्हटलंय, आणि कोकणीत ‘परमळ’ आजही बोलतात.

एक विचारतो, कुपीत तेल आहे की स्प्रे? उत्तर प्रदेशातल्या कनौजची जुनी अत्तरं देग-भपक्यातून, म्हणजे हंड्यात उकळून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्यात धरून, चंदनाच्या तेलात उतरवतात आणि फाया, म्हणजे कापसाचा बोळा करून लावतात. अल्कोहोलच्या स्प्रेला मी तरी अत्तर म्हणणार नाही.

*

वरच्या उत्तरात ‘दहिवर’ राहिला. दहिवर म्हणजे दव. आमच्याकडे आजी पहाटे हरभऱ्यावर धुतलेलं धोतर अंथरायची. दहिवराने आणि पाल्यावरच्या आंबट खाराने ते ओलं झालं की पितळी पातेल्यात पिळायची. ती आंब, इतकी आंबट की दात शिवशिवायचे. पोट दुखलं की त्यातलीच चमचाभर मिळायची. हिवाळ्यातली पहाट म्हटली की मला तोच हिरवा, आंबूस वास येतो. फुलांचा नाहीच. बहिणीला विचारा, तिच्या कुपीत असं काही आहे का.

*

दोघांचेही मनापासून आभार. तेलच आहे, चंदनाच्या आधारावर, त्यामुळे अत्तर म्हणायला हरकत नसावी. फुलं कमी आहेत, ओल्या पाल्याचा वास जास्त. ‘दहिवर’ ऐकताक्षणी तिने जुनी चिठ्ठी काढून टाकली. तिच्या मुलीला मात्र अर्थ सांगावा लागला. तुमच्या गावी हा शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहे का?