अनुभव धागा: माळ्यावरच्या कॅसेटी संगणकावर घेताना

दसऱ्याआधी माळा आवरायला घेतला आणि बाबांच्या हँडीकॅमच्या २३ मिनी डीव्ही कॅसेटी निघाल्या. कॅमेरा अजून चालतो, ही पहिली गंमत. दुसरी अशी की यूएसबीची वायर लावल्यावर मेमरी कार्डावरचे चार फोटो तेवढे संगणकावर आले, कॅसेटचा पत्ताच नाही. या टेपवरचं चित्रण मुळात डिजिटल असतं, पण ते जसंच्या तसं उतरवायचं तर फायरवायर पोर्ट (जुन्या कॅमेऱ्यांची वायर जोडायची खाच) लागतो आणि तो आजकालच्या लॅपटॉपला नसतो. शेवटी मित्राच्या अडगळीतल्या डेस्कटॉपमध्ये पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेलं फायरवायरचं कार्ड बसवलं. तासाची कॅसेट उतरायला पुरता तास लागतो, आणि साधारण १३ जीबी जागा. पहिली फाईल पेनड्राइव्हवर जाईना. जागा भरपूर होती, पण तो एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट केलेला, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल बसतच नाही. हे कळायला माझा एक रविवार गेला.

तुमच्याकडे काय निघालं, कसं उतरवलं, कुठे फसलात? लिहा.

कोथरूडहून:
आमची व्हीएचएस, १९९१ च्या लग्नाची. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा ट्रंकेसकट फ्लॅटवर आली. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर टेपच्या गुंडाळीवर पिठी भुरभुरल्यासारखं पांढरं दिसत होतं. मला वाटलं धूळ. व्हीसीआरमध्ये घातली, दोन मिनिटांत पडद्यावर मुंग्या. ती बुरशी होती, आणि आता व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणारा भाग) बसली होती. बारशाची चांगली कॅसेट मी लगेच त्याच व्हीसीआरमध्ये घातली, म्हणजे तिलाही प्रसाद. शेजारच्या काकांनी (रेडिओ दुरुस्तीत हयात गेलेली) हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दिलं. कान साफ करायच्या काड्या मी पुढे केल्या तर ओरडले, कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात म्हणे. मऊ चामड्याचा तुकडा हेडला टेकवून धरला आणि ड्रम (हेड ज्यावर बसवलेलं असतं तो गोल भाग) हाताने हळू फिरवला.

त्याआधी एका दुकानात देऊन पाहिली होती. त्यांनी तीन तास एकाच डीव्हीडीत कोंबले. हार घालताना सगळे चेहरे चौकोनाचौकोनांचे. एडिटिंग करायचं असेल तर डीव्हीडी मागूच नका, मोठी फाईल हार्ड डिस्कवर द्या म्हणून सांगा.

पण खरं दुखणं निराळंच. चित्रणवाल्याने मंगलाष्टकांवर सिनेमाची गाणी चढवली आहेत. बदामात नवरा-नवरी गोल फिरतात, भटजींचं तोंड हलतं. सासऱ्यांनी स्वतः रचलेलं एक मंगलाष्टक म्हटलं होतं. ते माइकसमोर कागद धरून उभे आहेत, आणि ऐकू येतं किशोरकुमारचं गाणं.

वरच्या प्रतिसादाला:
बदाम परवडला. आमच्यात दोघं कमळातून उगवतात.

औंधहून:
मामाने न्यू जर्सीहून पाठवलेली कॅसेट असेल तर आधी एक बघा. टीव्ही-व्हिडिओच्या चित्राची पद्धत तिकडची एनटीएससी, आपली पाल. आमच्या व्हीसीआरवर चित्र काळं-पांढरं आणि सारखं वर सरकणारं. टेप खराब झाली म्हणून फेकणार होतो. दोन्ही पद्धती चालणारा व्हीसीआर उसना आणला आणि सॉफ्टवेअरमध्येही एनटीएससी निवडलं, तर रंग छान.

हडपसरहून:
हाय ८ (हँडीकॅमची जुनी छोटी कॅसेट) वाल्यांसाठी. त्यानंतरच्या डिजिटल ८ चे काही कॅमेरे (सगळे नाहीत, मॉडेल तपासा) जुनी हाय ८ कॅसेटही वाजवतात आणि फायरवायरमधून डिजिटल करून देतात. मला जुन्या बाजारात असा एक मिळाला. विकणारा म्हणाला, "शूटिंग होत नाय त्याच्यात." म्हटलं, नकोच आहे.

नारायण पेठेतून:
मी पिवळी-पांढरी-लाल पिनांची वायर आणि व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं स्वस्तातलं यूएसबी डोंगल वापरलं. लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूक, १९९७. तीन अडचणी आल्या. आवाज हळूहळू मागे पडत गेला, अर्ध्या तासाने टिपरू पडतं आणि ढोल नंतर वाजतो. मग पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे घेतले. दुसरं, हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दात. जुन्या चित्रणात एका फ्रेममध्ये दोन अर्ध्या फ्रेम विणलेल्या असतात, त्या सॉफ्टवेअरने डीइंटरलेस कराव्या, म्हणजे सोडवाव्या लागतात. सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम काढल्या तर पथकाची हालचाल जास्त खरी वाटते. तिसरं, ढोलांनी कॅमेऱ्याचा माइकच फाटलाय. त्याला इलाज नाही. मूळ फाईल मात्र हात न लावता वेगळी ठेवा, कापाकापी नकलेवर करा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. ९ कॅसेटी झाल्या. नवव्या कॅसेटीत बाबा रेकॉर्डिंग बंद करायचं विसरलेत. ११ मिनिटं नुसती भिंत आणि कॅलेंडर, मागे कुकरच्या शिट्ट्या, आजी कोणालातरी विचारतेय, "दूध आलं का?" मी तेवढं कापायला निघालो तर आईने माउसच काढून घेतला. आता घरात सगळ्यात जास्त वेळा तीच फाईल लागते.

अजून १४ कॅसेटी आहेत. फायरवायर कार्ड कोणाला हवं असेल तर दिवाळीनंतर सांगा, डेस्कटॉपसकट नेलंत तरी चालेल.