वेव्हगाइड लावल्यावर ट्वीटर बोचरा झाला, चूक कुठे?

कोथरूडकर: माझा स्पीकर: खालच्या स्वरांना साडेसहा इंची वूफर, वरच्या स्वरांना २५ मिमी सिल्क डोमचा ट्वीटर, दोघांत आवाज वाटणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झला. ट्वीटरची फेसप्लेट काढून १५० मिमी व्यासाचा, २५ मिमी खोल वेव्हगाइड (आवाज पुढे वळवणारं, उथळ कर्ण्यासारखं तोंड) थ्रीडी प्रिंटरवर छापून बसवलाय. क्रॉसओव्हर जुनाच. आता 'स' टोचतो. वेव्हगाइड काढू का?

सोल्डरगन: काढू नका, क्रॉसओव्हर बदला. नुसता डोम २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये चहूकडे फेकतो. वेव्हगाइड तेच पुढे गोळा करतो, म्हणून समोर तिथे ३ ते ६ डेसिबल वाढ होते. १० किलोहर्ट्झच्या वर डोम मुळातच अरुंद फेकतो, तिथे फारसं काही वाढत नाही. ट्वीटरच्या सिरीजमध्ये ३.९ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा आणि त्याला समांतर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. साधारण साडेआठ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कपॅसिटरमधून निघून जातो, खालचा फुगवटा दबतो. ही फक्त सुरुवात, पक्की किंमत मोजूनच ठरवा.

आणि फायदा मोठा आहे. साडेसहा इंची कोन २ किलोहर्ट्झच्या आसपास अरुंद व्हायला लागतो. तिथून उघडा डोम सुरू झाला की बाजूला ३-४ किलोहर्ट्झचा फुगवटा येतो, आणि आपल्या फ्लॅटमधल्या टाइल्स-भिंती तो परत कानावर आदळवतात. १५० मिमीचं तोंड साधारण २.३ किलोहर्ट्झच्या वरच ताबा ठेवतं, त्यामुळे क्रॉसओव्हर फार खाली नेऊ नका.

ध्वनिरेषा: आधी जोड तपासा. वेव्हगाइडचा गळा सराउंडच्या (डोमभोवतीच्या लवचिक पट्टीच्या) कडेलगत सुरू व्हावा, पण सराउंडला टेकू नये. मध्ये पायरी किंवा पोकळी राहिली तर वरच्या ट्रेबलमध्ये खड्डे पडतात. मागून पातळ फोमची गॅस्केट हवीच.

ट्वीटर २५ मिमी मागे गेला, म्हणजे २.५ किलोहर्ट्झला सुमारे ६५ अंशांचा फेज फरक, त्याची लाट वूफरच्या लाटेमागे तेवढी पडते. ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करून (+ आणि − तारांची अदलाबदल करून) मोजा, क्रॉसओव्हरवर खोल दरी दिसली पाहिजे.

कोथरूडकर: दरी उथळ आली तर? आणि मोजायचं कसं?

ध्वनिरेषा: मग फेज जुळलेली नाही, ट्वीटरचा कॉइल-कपॅसिटर बदलत पुन्हा मोजा. स्पीकर आणि माइक १.२ मीटर उंच, अंतर १ मीटर, आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये विंडो ४.५ मिलिसेकंद, म्हणजे जमिनीचा पडसाद बाहेर राहतो. समोर ० पासून बाजूला ६० अंशांपर्यंत, दर १० अंशांनी मोजा. फक्त ० अंशावर दिसणारा खड्डा भरू नका. गोल तोंडाच्या कडेवरून परतणारा आवाज तिथे एकदम पोचतो, १५ अंशांवर तो खड्डा नसतो.

सोल्डरगन: सुटे भाग पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळतील, कपॅसिटर एलसीआर मीटरवर मोजून घ्या. छपाई पीएलए प्लास्टिकची असेल तर मे महिन्यात गाडीत ठेवू नका, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडतं आणि गळ्याचा आकार जातो.