मदत हवी आहे: घरात बोट नाही, मग मासळी विकणाऱ्या बायकांची मच्छीमार म्हणून नोंद कशी करायची?

नमस्कार मंडळी,

रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यातून लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या मच्छीमार सहकारी संस्थेबद्दल लिहायचं आहे, तिचे निम्मे संचालक आमच्याच नात्यातले आहेत आणि मला लग्नकार्यात तोंड दाखवायचं असतं.

आई आणि तिच्या बरोबरीच्या पंधरा-वीस जणी मासळी विकतात. काही पाटी घेऊन आतल्या गावांत फिरतात, काही तालुक्याच्या बाजारात बसतात, चार-पाच जणी बोंबील आणि जवळा सुकवून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, विकतात. यातल्या बऱ्याच घरांत आता बोट उरलेली नाही. कुणी कर्जापायी विकली, कुणाचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो, दोघी विधवा आहेत. पण कागदावर मच्छीमार म्हणजे बोटवाला. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, संस्थेचं सभासदत्व, डिझेलवरच्या कराचा परतावा, सगळं बोटीलाच बांधलेलं. बोट गेली की घर यादीतून गेलं, मग घरातली बाई रोज पहाटे लिलावाला उभी राहत असली तरी. आई विचारते, "बोट नाय तं आमी कोली नाय का?" याला उत्तर काय देणार?

उदाहरण म्हणून बंदीचा काळ घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या काळासाठी बचत-नि-मदत आहे: मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकारचे ३,००० त्यात पडतात, आणि ते ४,५०० तीन महिन्यांत मिळतात. रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. पण आमच्याकडे नावं संस्थेच्या सभासद यादीवरून जातात आणि त्या यादीत आमच्या गटातली एकही बाई नाही. बंदी बोटीला असते, पाटी मात्र तिच्यासोबतच रिकामी होते. जिच्याकडे सुकं साठवलेलं असेल ती तरते, बाकीच्या उधारीवर.

सुक्याचीही एक रड आहे. वलांडीवर बोंबील टांगलेले असताना अवकाळी पाऊस आला की दोन दिवसांत माल सडतो, मग तो खताच्या भावानेसुद्धा कुणी घेत नाही. भाताचा पंचनामा होतो. बोंबलाचा करायला आमच्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला तेव्हा गावात पेढे वाटले होते. पेढे बोटवाल्यांनी वाटले, हे आलंच.

किसान क्रेडिट कार्डाचंही तेच. मच्छीमारांना ते लागू आहे, महिला गटांनाही आहे, म्हणून दोघी बँकेत गेल्या. तिथे पहिला प्रश्न आला, बोटीची नोंदणी आणि परवाना कुठे आहे?

म्हणून या सगळ्या जणींच्या मनात स्वतंत्र महिला मच्छीमार सहकारी संस्था काढायचं आहे. जुन्या संस्थेतले काका लोक म्हणतात, "कशाला हवी वेगळी, आम्ही आहोत ना!" ते आहेत हे खरं, पण वार्षिक सभेची नोटीससुद्धा या बायकांपर्यंत येत नाही.

कुणी अशी संस्था काढली आहे का? एका गावात आधीची संस्था असताना दुसरीला नोंदणी मिळते का? की आधी बचत गटातूनच काम सुरू करावं? आणि "ही बाई मासळी विकते" याचा पुरावा म्हणून कोणता कागद चालतो? आमच्याकडे आधार कार्ड आणि बाजारकराच्या काही फाटक्या पावत्या, एवढंच आहे.

एक विनंती. "ऑनलाइन विका, ब्रँड करा" असा सल्ला कृपया नको. गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या बांधलेलं आहे, अडचण त्याची नाही.

प्रतिसाद: शेवंड

आधी एनएफडीपीवर (नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म) प्रत्येकीची वेगळी नोंदणी करून घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं केंद्राचं पोर्टल आहे, गावातल्या सेवा केंद्रातूनही होतं. त्यात मासळी विक्रेते आणि प्रक्रिया करणारे धरलेले आहेत, बोट लागत नाही. त्याने लगेच पैसे मिळतील असं नाही, पण सरकारी नोंदीत व्यवसायासमोर मासळी येईल. आज तुमच्या बायकांच्या नावापुढे बहुधा 'गृहिणी' असेल.

प्रतिसाद: जुना_कारकून

सहकार खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

ताई, नवीन संस्था काढायला कायद्याने किमान दहा जणी लागतात आणि त्या वेगवेगळ्या कुटुंबांतल्या हव्यात. सासू-सून एकाच घरातल्या असतील तर दोन मोजता येणार नाहीत. पंधरा-वीस म्हणता त्यातून कुटुंबं किती निघतात ते आधी बघा. प्रस्ताव सहायक निबंधक, सहकारी संस्था (पदुम) यांच्याकडे जातो. पदुम म्हणजे पशुसंवर्धन, दुग्ध, मत्स्य. लोक तालुक्याच्या साध्या निबंधकाकडे खेटे घालत बसतात, तसं करू नका. गावात आधीची संस्था असेल तर तिच्या कार्यक्षेत्राचा मुद्दा निघणारच. तेव्हा उद्देश वेगळे मांडा: विक्री, सुकवणी, साठवण. "मासेमारी" हा मुख्य उद्देश लिहिलात की जुनी संस्था हरकत घेईल आणि फाइल पडून राहील.

पण माझं खरं मत विचाराल तर आधी जुन्या संस्थेतच सभासदत्वाचे अर्ज द्या. तोंडी नव्हे, लेखी, आणि पोच घ्या. पोटनियमांची प्रत मागून सभासदाची पात्रता वाचा. "बोट असलेलाच" असं त्यात लिहिलेलं नसेल, तर नुसत्या रिवाजावर अर्ज नाकारता येत नाही. नाकारला तर निबंधकाकडे अपील आहे. नकार कागदावर आला तरी फायदा तुमचाच, नवीन संस्थेच्या प्रस्तावाला तोच जोडायचा.

बँकेबाबत: किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत समुद्री मासेमारीच्या कलमात नोंदणीकृत बोट आणि परवाना लिहिलेला आहे हे खरं, पण तिथेच मत्स्यव्यवसायाला जोडून असलेल्या कामांचाही उल्लेख आहे. एकेकटीने जाऊ नका, गट म्हणून जा, आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाचं शिफारसपत्र सोबत न्या. शाखाधिकाऱ्याला कागद लागतो, तो मिळाला की त्याचा सूर बदलतो.

प्रतिसाद: भरती_ओहोटी

क्यार आणि महा या २०१९ च्या वादळांनंतर जी मदत जाहीर झाली, तिची यादी आठवा. बोटींना इंजिनाच्या सिलिंडरच्या संख्येवर रक्कम आणि मासळी विकणाऱ्या महिलांना शीतपेट्या. म्हणजे सरकारच्या कागदात विक्रेती महिला मच्छीमार एकदा येऊन गेली आहे. तो शासन निर्णय शोधून अर्जाला जोडा, आधी झालेल्या गोष्टीला कार्यालय सहसा नाही म्हणत नाही. शिवाय मत्स्यसंपदेत महिलांना अनुदान ६० टक्के आहे, सर्वसाधारण गटाला ४०. ही गोष्ट काका लोकांच्या कानावर घाला, बघा मग आपापल्या घरातल्या बायकांना सभासद करायला कसे धावतात. (तोच धोकाही आहे. नाव बायकोचं, कारभार नवऱ्याचा.)

प्रतिसाद: खाडीपल्याड

सगळे संस्थेवर बोलताहेत, मी जागेचं विचारतो. वलांड्या आणि खळी कुणाच्या जमिनीवर आहेत? आमच्या बाजूला सुकवणीचं मैदान पिढ्यान् पिढ्या वापरात होतं, सातबारावर मात्र सरकारी पड. मग पर्यटकांच्या गाड्या लावायला सुरुवात झाली आणि बायकांनाच "वास येतो, बाजूला व्हा" ऐकावं लागलं. सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामांच्या नियमांच्या) किनारा आराखड्यात कोळीवाड्याबरोबर मासळी सुकवण्याच्या जागाही दाखवायच्या असतात. तुमच्या गावचा नकाशा काढून बघा, खळं दाखवलं आहे का. नसेल तर ग्रामसभेत ठराव घ्या. संस्था झाली आणि जागा गेली तर सुकवणार कुठे? छतावर?

तालुक्याच्या ठिकाणी नगरपरिषद असेल तर बाजारात बसणाऱ्यांचा मुद्दा वेगळा. तिथे २०१४ चा पथविक्रेता कायदा लागतो. सर्वेक्षणात नाव घालून घ्या आणि त्या फाटक्या पावत्या जपा, तोच तुमचा जुना पुरावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. जुना_कारकून काका, कुटुंबं मोजली. सासू-सुना आणि एकत्र राहणाऱ्या जावा वगळल्या तर अकरा भरतात, म्हणजे अगदी काठावर. एक जण जरी घरच्यांच्या दबावाने मागे सरली तरी कठीण, आणि दोघींच्या घरून कुरकुर सुरू झालीच आहे. म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी जुन्या संस्थेत अर्ज टाकतो. मसुदा मी लिहिते आहे.

खाडीपल्याड, खळ्याचा विचार खरंच कुणी केला नव्हता. आमचंही सरकारी पडच आहे. आराखड्याची गावनिहाय प्रत कुठल्या कार्यालयात बघायला मिळते, जिल्हाधिकारी कार्यालयात की आणखी कुठे? आणि ग्रामसभेच्या ठरावात जागा नेमकी कशी लिहायची? गट नंबर पुरे, की चतुःसीमा लागते? कुणाकडे असा झालेला ठराव असेल तर नावं झाकून इथे टाका.