अ‍ॅक्शन कॅमेरा: तुमचा कुठला, आणि कशासाठी?

पावसाळा तोंडावर आलाय. बाईकवर ताम्हिणी, वरंध घाट, दिवाळीनंतर जमलं तर मालवण. बजेट तीस हजार, ओढूनताणून पस्तीस. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६०, तिघांचेही आकडे वाचून झालेत. आता वापरणाऱ्यांनी लिहा.

घाटवेडा: सगळे कॅमेरा विचारतात, मी आधी माउंट विचारतो, म्हणजे कॅमेरा अडकवणार कशावर. छातीवर लावलास तर निम्मी फ्रेम टाकी आणि हँडल. हेल्मेटच्या टाळूवर लावलास तर दिसतोस टेलिटबीसारखा, वर वारा मान ओढतो. हनुवटीवरचा माउंट घे. रस्ता डोळ्यांच्या उंचीवर येतो, खाली हँडलची कड दिसते, त्यामुळे वेग कळतो. बोलणार असशील तर छोटा माईक हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीखाली सरकव. व्हिडिओवर वेग आणि नकाशा हवा असेल तर गोप्रोचा हीरो १२ नको, त्यात जीपीएस नाही. ११ मध्ये होतं, १३ मध्ये परत आलं.

खारं_पाणी: पाणीरोधक केसशिवाय हीरो १२ दहा मीटर खोल चालतो, डीजेआयचा अ‍ॅक्शन ४ अठरा, अ‍ॅक्शन ५ प्रो वीस. तारकर्लीच्या हौशी स्कूबाला पुरतं. पण पाणी आधी लाल रंग गिळतं, म्हणून फिल्टर लागतो; निळ्या पाण्यात लाल, हिरवट पाण्यात मॅजेंटा. तो बहुधा केसवरच बसतो, म्हणजे केस आलीच. आमच्याकडे मी मासा दाखवतो, घरच्यांना शेवाळ दिसतं! स्नॉर्कलिंगला तरंगता दांडा, स्कूबाला मनगटाला दोरी.

कारवी: मी ट्रेकवाली. जंगलात उजेड कमी, तिथे अ‍ॅक्शन ४ चा मोठा सेन्सर (१/१.३ इंच) कामी येतो. तरी अंधारात चालताना चित्र थरथरतंच, कारण शटर मंदावतो आणि हादरा त्या फ्रेममध्येच फासला जातो. कुठलंही स्टॅबिलायझेशन (हादरे शमवायची सोय) तो नंतर पुसू शकत नाही. पहाटेच्या चढाईत मी कॅमेरा काढतच नाही.

निवांत: ३६० बद्दल, म्हणजे दोन भिंगांनी चौफेर टिपणारा कॅमेरा. चित्रातून हातातली काठी गायब होते, पोरं खूश. पण नंतर फ्रेम निवडत बसावं लागतं, आणि तो कंटाळा असेल तर घेऊ नका. भिंगं दोन्हीकडून फुगीर, कातळावर टेकवलं की चरा. इन्स्टा३६० च्या एक्स५ ची भिंगं घरी बदलता येतात, पण ते तुमच्या बजेटबाहेर.

काटकसर: पाच-सहा हजारांच्या खोक्यांवरचं ४के अनेकदा कमी रिझोल्यूशन ताणून केलेलं असतं. त्यापेक्षा नामांकित कंपनीचं मागचं मॉडेल बघा. मेमरी कार्डाचे पैसे आधीच बाजूला काढा: १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, कार्डावर व्ही३० ही वेगाची खूण हवी. वापरलेला घेणार असाल तर बॅटरीच्या झाकणाची रबरी कड बोट फिरवून तपासा. तिथे वाळूचा कण किंवा डोक्याचा केस अडकला असेल तर दहा मीटर सोडा, बादलीतही घालू नका.