मदत हवी आहे: धावपटू भाचीची पाळी बंद, जेवण तुटलंय. कोणाकडे न्यावं?

माझी भाची 3000 आणि 5000 मीटर धावते. राज्य पातळीवर पदकं आहेत, आता राष्ट्रीय स्पर्धेची तयारी चालली होती. सरावासाठी नाशिकला आमच्याकडेच राहते. बरेच महिने पाळी आलेली नाही आणि आता नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर) निघालंय. तिचे सर म्हणतात, "पळणाऱ्या मुलींची पाळी जातेच, सराव नीट चाललाय असं समजा." मला हे अजिबात पटत नाही.

पोळीवरचं तूप ती कागदाने टिपून काढते, भाताला हात लावत नाही, आमटीचं वरचं पाणी तेवढं पिते. डबा भरलेला परत येतो. विचारलं की, "ग्राउंडवर खाल्लं ना मावशी." तिथे सगळ्या मुलींना रांगेने काट्यावर उभं करून वजन मोठ्याने वाचतात. त्या धास्तीने आदल्या रात्री ही जेवतच नाही. डॉक्टरांनी धावणं बंद ठेवलंय, तर वजन वाढेल म्हणून पहाटे उठून सायकल मारते.

मी वाचलं त्यावरून, सरावात खर्च होऊन उरलेली ऊर्जा कमी पडली की शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं आणि हाडं कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये याला 'रेड-एस' नाव दिलं. अमेरिकेची मेरी केन 17 व्या वर्षी जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. वजन कमी करण्याच्या दबावाखाली आपली पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली, असं तिने 2019 मध्ये जाहीर सांगितलं. हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे.

गायनॅकने पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. त्यांनी रक्तस्राव होईल, पण खाणं तेच राहिलं तर हाडांचं काय? हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आत्ताच करून घ्यावा का? नाशिक-पुण्यात खेळाडूंचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ आणि खाण्याच्या विकारांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ कोणी सुचवाल का? आणि तिच्याशी बोलायचं कसं? जेवणाचा विषय काढला की ताटावरून उठते.

"तूप-लाडू खाऊ घाला" एवढाच सल्ला कृपया नको, तो घरात सगळ्यांनी देऊन झालाय. ज्यांच्या मुली यातून बाहेर पडून पुन्हा धावू लागल्या, त्यांनी जरूर लिहा. ताई-भाऊजींना स्पर्धा सोडवत नाहीये, त्यांना दाखवायला मला तेच हवंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.